लॅब्रम फाटला आहे, मग ऑपरेशन करावंच लागेल का?

खांदा दुखतो म्हणून एमआरआय काढला जातो. रिपोर्ट हातात पडतो आणि त्यात ‘लॅब्रल टिअर’ असे दोन शब्द असतात. घरातलं कुणीतरी ते लगेच मोबाइलवर शोधतं, शेजारचे आपल्या मेव्हण्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगतात, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न येतो, “डॉक्टर, फाटलंय म्हणजे टाके घालावेच लागणार ना?”

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर एकच नाही. एखाद्याला ‘हो, आणि फार लांबवू नका’ असं सांगावं लागतं, तर दुसऱ्याला ‘मुळीच गरज नाही’. दोघांच्या रिपोर्टमधले शब्द मात्र जवळपास सारखेच असू शकतात. हे कसं, ते समजण्यासाठी आधी खांद्याची रचना पाहायला हवी.

१. शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा

माळ्यावरचा डबा काढताना हात सरळ वर जातो, पाठ चोळताना मागे वळतो, गोलंदाजी करताना पूर्ण गोल फिरतो. एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्याही सांध्याला नाही. ती मिळते खोबण उथळ असल्यामुळे. दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोठं आणि गोल असतं, आणि फऱ्याच्या हाडावरची त्याची खोबण अगदी लहान व उथळ असते. कुठल्याही क्षणी त्या गोल टोकाचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. खुब्याच्या सांध्यात ते टोक खोबणीत खोलवर बसलेलं असतं, म्हणून खुबा सहजासहजी निखळत नाही. मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा निखळतो तो खांदा.

या उथळ खोबणीच्या काठावर सगळीकडून चिवट, तंतुमय कुर्चेची एक कडा बसवलेली असते. तिलाच लॅब्रम म्हणतात. प्रेशर कुकरच्या झाकणातली रबरी रिंग आठवा. झाकण आणि भांडं दोन्ही धड असतात, पण रिंग नसेल तर कुकर दाब धरत नाही. लॅब्रमचं काम बरंचसं तसंच आहे. त्याच्यामुळे खोबणीची खोली जवळपास दुप्पट होते आणि सांधा हवाबंद राहतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असल्याने गोल टोक खोबणीकडे ओढलेलं राहतं.

लॅब्रमचं आणखी एक काम आहे, आणि निखळण्याच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं. सांध्याला पुढून आणि खालून आवळून धरणारे अस्थिबंध याच कडेला जोडलेले असतात. वरच्या बाजूला दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूची, म्हणजे बायसेप्सची, एक दोरी येऊन मिळते. त्यामुळे कडा सुटली की तिच्याबरोबर अस्थिबंधाची पकडही सैल होते. लॅब्रमला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यातही वरच्या भागाला अगदीच तुटपुंजा. म्हणून तो आपोआप, आणि पूर्वीच्याच जागी, भरून येईल याची खात्री नसते.

२. कुठे फाटला, हा पहिला प्रश्न

कबड्डीत चढाईपटूचा हात बचावपटूच्या पकडीत अडकून मागे खेचला जातो. दुचाकी घसरते आणि माणूस पसरलेल्या हातावर आदळतो. दहीहंडीचा थर कोसळताना एखाद्याचा हात वर आणि बाहेरच्या बाजूला मुरगळतो. अशा झटक्यात दंडाचं गोल टोक खोबणीतून पुढे आणि खाली निसटतं, आणि जाताना तिथली कडा अस्थिबंधासकट हाडापासून उपटून नेते. लंडनचे शल्यचिकित्सक ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेचं वर्णन केलं. खांदा पुन्हापुन्हा निखळतो तो स्नायू ढिले असल्यामुळे नव्हे, ही सुटलेली कडा त्याला कारणीभूत आहे, असं त्यांनी ठामपणे मांडलं. जर्मनीच्या पेर्थेस यांनी हीच गोष्ट १९०६ मध्ये नोंदवली होती, पण इजेला नाव बँकार्टचंच चिकटलं.

निसटण्याच्या त्याच क्षणी दंडाच्या टोकाची मागची बाजू खोबणीच्या धारेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं. रिपोर्टमध्ये ‘बँकार्ट’ आणि ‘हिल-सॅक्स’ ही नावं शेजारी-शेजारी दिसली, तर खांदा कधीतरी पुढच्या बाजूला निखळला होता हे जवळपास नक्की समजावं.

वरची कडा फाटणं हा निराळा प्रकार आहे. बायसेप्सची दोरी जिथे जोडली जाते, तिथून पुढे-मागे ही चीर जाते. अमेरिकेत जेम्स अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंमध्ये ती दाखवून दिली. पुढे १९९० मध्ये स्टीफन स्नायडर यांनी तिला ‘स्लॅप’ हे नाव दिलं आणि तिचे चार प्रकार पाडले. सतत फेकल्यामुळे, हातावर पडल्यामुळे किंवा नुसत्या वयोमानानेही ही चीर पडते. मागची कडा त्या मानाने कमी वेळा फाटते. फिट आल्यावर किंवा विजेचा जोराचा धक्का बसल्यावर खांदा मागे निखळतो, तेव्हा ती इजा होते.

रुग्णाच्या तोंडून हा फरक स्पष्ट ऐकू येतो. पुढची-खालची कडा गेलेला माणूस म्हणतो, “झोपेत हात वर गेला तरी खांदा सरकेल की काय असं वाटतं.” वरची कडा फाटलेला सांगतो, “आत खोल कुठेतरी दुखतं, फेकताना कट् वाजतं.” एकाची तक्रार निसटण्याची असते, दुसऱ्याची दुखण्याची. ऑपरेशनचा निर्णय सर्वात जास्त या फरकावर ठरतो.

३. एमआरआय किती बोलतो?

२०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ४५ ते ६० वर्षं वयाच्या ५३ जणांच्या खांद्यांचा एमआरआय काढला गेला. यातल्या कुणाचाही खांदा दुखत नव्हता. दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी त्याच प्रतिमा स्वतंत्रपणे वाचल्या. एकाला ५५ टक्के, तर दुसऱ्याला ७२ टक्के खांद्यांत वरचा लॅब्रम फाटलेला दिसला. म्हणजे पन्नाशीच्या आसपास ही चीर दिसणं हे केस पांढरे होण्याइतकंच नेहमीचं आहे; शिवाय ती आहे की नाही यावर दोन तज्ज्ञांचंही एकमत होईलच असं नाही.

नॉर्वेतला अभ्यास याच्याही पुढे गेला. वरचा लॅब्रम फाटून खांदा दुखणाऱ्या ११८ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटात लॅब्रमला टाके घातले, दुसऱ्यात बायसेप्सची दोरी तिथून सोडवून खाली दंडाच्या हाडावर बसवली. तिसऱ्या गटात दुर्बीण आत घालून नुसती पाहणी केली, दुरुस्ती काहीच केली नाही. आपल्यावर नेमकं काय झालं हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दोन वर्षांनंतरही तिन्ही गटांच्या सुधारणेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सुधारणा मात्र सगळ्याच गटांत झाली होती.

इतक्या काटेकोरपणे तपासलेली ऑपरेशनं फार नाहीत. म्हणूनच मध्यमवयीन माणसाच्या दुखऱ्या खांद्यात केवळ वरची चीर दिसली म्हणून टाके घालण्याची घाई करू नये, असं स्पष्टपणे म्हणता येतं. आधी किमान तीन महिने नेटाने फिजिओथेरपी करावी. दुखण्याचं मूळ दुसरीकडे नाही ना, हेही पाहावं. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंची कंडरा झिजलेली असू शकते, किंवा खांदा आखडत चाललेला असू शकतो. आखडलेला खांदा मधुमेहींमध्ये तर फारच आढळतो, आणि त्याच काळात टाके घातले तर तो आणखी आखडण्याची भीती असते.

४. तरुणपणी निखळलेला खांदा

आता दुसरी बाजू. एडिंबरामध्ये १५ ते ३५ वयाच्या २५२ जणांवर, खांदा पहिल्यांदा पुढे निखळल्यानंतर, पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. खांदा बसवून, झोळीत ठेवून आणि व्यायाम देऊन त्यांच्यावर उपचार झाले होते. दोन वर्षांत ५५ टक्क्यांहून अधिक जणांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला, आणि पाच वर्षांत हे प्रमाण दोनतृतीयांशापर्यंत गेलं. वय जितकं कमी, तितका धोका जास्त. त्यातही तरुण मुलांमध्ये तो सर्वाधिक होता. चाळिशीनंतर चित्र पालटतं. तेव्हा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता कमी असते, पण निखळताना कंडरा फाटलेली असण्याची शक्यता वाढते. म्हणून या वयात हात वर उचलता येतो की नाही हे आवर्जून तपासावं लागतं.

पुन्हापुन्हा निखळणाऱ्या खांद्याने माणसाला फार पूर्वीपासून छळलं आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळात काखेत तापलेल्या सळईने डाग देत, म्हणजे व्रणाने कातडी आवळून खांदा आत राहील, अशी त्यामागची कल्पना होती. आजही गावोगाव खांदा ‘बसवून’ देणारे आहेत. मैदानावरही मित्रमंडळी हात ओढून बघतात. हे करू नये. निखळण्याबरोबर हाड मोडलेलं असू शकतं आणि काखेजवळून जाणारी नस ताणलेली असू शकते. आधी एक्स-रे, मग खांदा बसवणं, हाच क्रम बरोबर.

प्रत्येक वेळी निखळताना खोबणीची पुढची धार थोडी झिजते आणि मागचा खळगा थोडा खोल होतो. पाच-सहा वेळा निखळून स्वतःच बसवता येणाऱ्या खांद्याचं कौतुक करणारे खेळाडू भेटतात. त्यांचं हाड दर वेळी कमी होत असतं.

५. दुर्बीण खांद्यापर्यंत कशी आली?

बँकार्ट यांनी १९३८ मध्ये २७ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या ऑपरेशनमध्ये खांदा पुढून मोठा उघडून, सुटलेली कडा हाडाला पुन्हा शिवली जाई. तत्त्व आजही तेच आहे, फक्त आत जाण्याची वाट बदलली.

तोक्योमध्ये केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘क्रमांक २१’ ही खरोखर वापरण्याजोगी दुर्बीण तयार केली आणि १९६२ मध्ये तिच्यातून गुडघ्याची गादी छाटली. कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन त्यांच्याकडून हे तंत्र शिकून गेले आणि ते पश्चिमेत पसरलं. खांद्याची पाळी गुडघ्यानंतर आली. १९८०च्या दशकात लॅब्रम धातूच्या पिनांनी ठोकून बसवत, पण त्या सैल होऊन सांध्यात फिरत. मग धागा बांधलेले बारीक खिळे, म्हणजे अँकर, आले आणि दुर्बिणीतल्या दुरुस्तीला खरा भरवसा मिळाला.

६. ऑपरेशन टेबलावर

रुग्णाला पूर्ण भूल देतात आणि मानेजवळच्या नसांभोवती इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, म्हणजे शुद्धीवर आल्यावर पहिले काही तास दुखत नाही. रुग्णाला एका कुशीवर निजवतात किंवा आरामखुर्चीसारखं अर्धवट बसतं करतात. कातडीवर पेनाने हाडाच्या कडा आखल्या जातात, कारण आत सूज भरल्यावर खुणा चाचपडत बसावं लागतं.

मागून अर्धा ते एक सेंटिमीटरचा छेद देऊन चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते. तिची काच तीस अंशांत तिरकी असते, म्हणून ती नुसती फिरवली तरी कोपरे दिसतात. सलाइनची तीन-तीन लिटरची पिशवी पंपाला जोडून सांधा पाण्याने फुगवतात. ऑपरेशननंतर खांदा सुजलेला दिसतो तो बराचसा या पाण्यामुळे, आणि एक-दोन दिवसांत उतरतो.

पडद्यावर आधी दंडाचं गोल टोक दिसतं, पांढरं आणि गुळगुळीत. मग खोबण, आणि तिच्या काठावर कडा. निरोगी लॅब्रम हाडाला घट्ट चिकटलेला असतो. फाटलेला असेल तर पुढच्या छेदातून आत घातलेल्या आकड्याने तो सहज उचलला जातो आणि खाली उघडं हाड दिसतं. कधीकधी तो खाली सरकून भलत्याच जागी चिकटलेला असतो. तेव्हा बारीक पटाशीने आधी तो मोकळा करावा लागतो, कारण चुकीच्या जागी शिवला तर काहीच साधत नाही. मग हाडाचा पृष्ठभाग किंचित खरवडून त्यातून रक्त येऊ देतात. जखम भरायला रक्त लागतं, आणि लॅब्रमकडे स्वतःचं रक्त फारसं नसतं.

यानंतर खोबणीच्या धारेवर, मागे नव्हे, तीनेक मिलिमीटरचं भोक पाडून अँकर ठोकतात. सर्जन जागा घड्याळाच्या आकड्यांत सांगतात. उजव्या खांद्यात सुटलेली कडा साधारण तीन ते सहाच्या मध्ये असते, म्हणून पहिला अँकर साडेपाचच्या आसपास. वाकड्या सुईने लॅब्रम आणि त्यामागचा अस्थिबंध एकत्र ओवून धागा बाहेर काढतात आणि गाठ सरकवत नेऊन आवळतात. काही अँकर गाठीशिवायच धागा धरून ठेवतात. असे तीन-चार अँकर एकापाठोपाठ वर येतात, आणि मघाशी सपाट पडलेली कडा खोबणीच्या काठावर पुन्हा उंचवट्यासारखी उभी राहते. कमी अँकरमध्ये काम भागवलेल्या दुरुस्त्या जास्त वेळा सुटल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे.

धोके कमी आहेत, पण आहेत. जंतुसंसर्ग क्वचित होतो. खांदा आखडू शकतो, नस दुखावून बधिरपणा येऊ शकतो, आणि सगळं नीट होऊनही खांदा पुन्हा निखळू शकतो.

७. हाड गेलं असेल तर दुर्बीण पुरत नाही

अमेरिकेचे बर्कहार्ट आणि केप टाउनचे डी बिअर यांनी २००० मध्ये दुर्बिणीतून दुरुस्त केलेल्या १९४ खांद्यांचा आढावा घेतला. ज्यांच्या हाडाची मोठी झीज नव्हती, त्यांच्यात पुन्हा निखळण्याचं प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांची झीज मोठी होती, त्यांच्यात ते ६७ टक्के होतं. ऑपरेशन तेच, हात तेच, फरक फक्त हाडाचा. म्हणून निखळणाऱ्या खांद्यात आज सीटी स्कॅनवर झीज मोजतात. ती जास्त असेल तर फ्रान्सच्या मिशेल लाटार्जे यांनी १९५४ मध्ये सुचवलेला मार्ग घेतात. फऱ्याच्या हाडाचा चोचीसारखा पुढे आलेला तुकडा कापून, स्नायूसकट, खोबणीच्या पुढच्या धारेवर स्क्रूने बसवतात. ज्याचं हाड गेलं आहे त्याला ‘छोट्या छेदाचं’ म्हणून नुसतं टाक्यांचं ऑपरेशन सुचवणं ही त्याची फसगत आहे.

८. खरा काळ टाक्यांनंतरचा

धागा कडेला जागेवर धरून ठेवतो. हाडाला ती चिकटते शरीराच्या गतीने, आणि त्याला आठवडे लागतात. पहिले चार ते सहा आठवडे झोळी. त्यातच कोपर आणि बोटं हलवणं, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलके व्यायाम, आणि हात बाहेर वळवण्याची ठरलेली मर्यादा. रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपावं लागतं, आणि बऱ्याच रुग्णांना सगळ्यात जास्त त्रास या झोपेचाच होतो. तीन महिन्यांच्या सुमारास ताकदीचे व्यायाम, आणि धक्काबुक्कीचे खेळ साधारण सहा महिन्यांनी.

क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचं उदाहरण पाहा. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवताना त्याचा डावा खांदा अर्धवट निसटला. ८ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली, आणि दिल्लीकडून तो पुन्हा खेळला २२ सप्टेंबरला. देशातला उत्तम फिजिओ, रोजचा सराव आणि पंचविशीतलं शरीर असूनही साडेपाच महिने लागले. यष्टिरक्षक वृद्धिमान साहाच्या लॅब्रमची शस्त्रक्रिया २०१८च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला झाली आणि कसोटी संघात परतायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. त्यात संघनिवडीचाही भाग होता. परतल्यावर याच गहुंजेत दक्षिण आफ्रिकेच्या डी ब्रुइनचा त्याने लेगसाइडला झेपावून एका हाताने घेतलेला झेल अनेकांना आठवत असेल. तिसऱ्या महिन्यात ‘आता दुखत नाही’ म्हणून मैदानात उतरणाऱ्या तरुणांनी हे वेळापत्रक जरूर पाहावं.

९. दोन रुग्ण

समजा, सांगलीचा २१ वर्षांचा कबड्डीपटू आहे. खांदा दोनदा निखळला, पुढची-खालची कडा सुटलेली, सीटीवर हाडाची झीज थोडीच. त्याला खेळायचं आहे. याला दुर्बिणीतून टाके घालणं योग्य, आणि तिसऱ्यांदा निखळण्याची वाट पाहू नये.

समजा, नाशिकच्या ५२ वर्षांच्या शिक्षिका आहेत. मधुमेह आहे, फळ्यावर लिहिताना खांदा दुखतो, तो कधीच निखळलेला नाही. एमआरआयमध्ये वरचा लॅब्रम फाटलेला. यांना साखर ताब्यात आणून तीन महिने फिजिओथेरपी. खांदा आखडत असेल तर त्याचे उपचार आधी. टाक्यांचा विचार जवळपास नाहीच.

दोघांच्याही रिपोर्टवर ‘लॅब्रल टिअर’ हेच लिहिलेलं असेल. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर एमआरआयची सीडीही न्या आणि चार गोष्टी विचारून घ्या. फाटलंय ते पुढे-खाली की वर? माझा खांदा निसटतोय की नुसता दुखतोय? हाड किती झिजलंय, आणि ते सीटीवर मोजलंय का? ऑपरेशन न करता तीन महिने व्यायाम केला तर काय बिघडेल? या चारही प्रश्नांची नीट उत्तरं मिळेपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका. विशेषतः शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फारसं काही नाही’ असं आलं, तर आधी फिजिओथेरपिस्टची वेळ ठरवा.